ताराबाई मोडक : वाचनाची पहिली शाळा आपल्याच अंगणात



मागच्या वर्षी दिवाळीआधी आमच्या शाळेत पालकसभा होती. पहिलीतल्या मुलांचं घरी थोडं वाचन घ्या, रोज पंधरा-वीस मिनिटं तरी मुलाजवळ बसा, असं मी नेहमीप्रमाणे सांगत होते. सभा संपली, सगळे गेले, पण एक आई मागे थांबली. कडेवर लहान मूल, हाताला पहिलीतली लेक. तिने हळूच सांगितलं की तिला स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नाही, मग ती पोरीचं वाचन काय घेणार? शिवाय दिवाळी झाली की त्यांचं सगळं बिऱ्हाड वीटभट्टीवर जाणार होतं. माझ्याजवळ तिला द्यायला उत्तर नव्हतं. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, हे खरं सांगते.

त्याच आठवड्यात शहापूरच्या बाजारात ओळखीची दुसरी एक आई भेटली. तिचा मुलगा साडेतीन वर्षांचा. रोज संध्याकाळी ती त्याच्याकडून अ आ इ ई आणि एबीसीडीची पानं भरून घेते. मुलगा वही दिसली की रडतो, पलंगाखाली लपतो. तिचा प्रश्न असा होता की याला अभ्यासाची गोडी कशी लावायची?

एका आईला वाटतं, आपल्याला काहीच करता येणार नाही. दुसरी आई नको तेवढं करून बसली आहे. दोघींनाही एकच उत्तर देता येईल का, याचा विचार करताना मला डी.एड.ला वाचलेल्या ताराबाई मोडक आठवल्या. तेव्हा परीक्षेपुरत्या पाठ केल्या होत्या. जन्म अमुक, संस्था अमुक, पुरस्कार अमुक. आता वर्गात उभं राहून त्यांचं आयुष्य पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की आपला प्रश्न त्यांनी आपल्याच जिल्ह्यात, आपल्यासारख्याच पाड्यांवर सोडवायला घेतला होता. आज बोर्डी आणि कोसबाड पालघर जिल्ह्यात आहेत. पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत डहाणू तालुका आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. म्हणजे शहापूर-मुरबाडच्या माणसाला ताराबाई परक्या नाहीत.

चला तर, त्यांचं आयुष्य पाहू आणि त्यातून घरच्या वाचनासाठी काय घेता येतं तेही पाहू.

सुधारकी घरातली मुलगी

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव केळकर. घरात प्रार्थना समाजाचे सुधारकी विचार होते. मुलींना शिकवू नये असं मानणारा तो काळ, पण या घरात मुलीच्या शिक्षणाला मज्जाव नव्हता. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. आज पदवी म्हटलं की आपल्याला विशेष वाटत नाही. त्या वेळी मात्र पदवीधर मुलगी बोटांवर मोजावी लागे.

पुढे अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचं लग्न झालं. संसार टिकला नाही. १९२१ साली त्या वेगळ्या झाल्या. पदरात लहान लेक होती. नवऱ्यापासून वेगळं होऊन स्वतःच्या पायावर उभं राहणं आजही सोपं नाही. शंभर वर्षांपूर्वी ते किती कठीण असेल याची कल्पना आपण करू शकतो. ताराबाई राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन महिला अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. शिक्षिका घडवणारी ही संस्था. पद मोठं होतं, मान होता, पगार चांगला होता. कुणीही म्हणालं असतं की आता आयुष्य मार्गी लागलं.

भावनगरला जाण्याचा निर्णय

त्या काळात भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ अडीच-तीन वर्षांपासूनच्या मुलांचं बालमंदिर चालवत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं वाढवावं याचा शोध घेताना त्यांच्या हाती इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांचं लिखाण आलं आणि वकिली मागे पडली. १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केलं. मिशा असलेला हा माणूस मुलांवर इतकी माया करायचा की गुजरातीत लोक त्यांना मिशाळ आई म्हणू लागले.

१९२३ साली ताराबाई राजकोटची नोकरी सोडून भावनगरला गेल्या. मोठ्या विद्यार्थिनींच्या प्राचार्यबाई लहान लेकरांच्या शाळेत जमिनीवर येऊन बसल्या. मला त्यांच्या आयुष्यातला हा पहिला मोठा निर्णय वाटतो. आपल्याकडे अजूनही बालवाडीच्या ताईपेक्षा हायस्कूलच्या सरांना जास्त मान असतो. ताराबाईंनी तो मान बाजूला ठेवला, कारण शिक्षणाचा खरा पाया सहा वर्षांच्या आतच पडतो, हे त्यांना पटलं होतं.

बालमंदिरात काय चालायचं? मुलांना मार नव्हता, धाक नव्हता, बक्षिसाचं आमिषही नव्हतं. पाणी ओतणं, बटणं लावणं, झाडणं, मोजणं, वास घेणं, स्पर्शाने ओळखणं ही कामं होती. गाणी होती. गोष्टी तर भरपूर होत्या. गिजुभाईंनी मुलांसाठी गोष्टींचा मोठा साठाच लिहून ठेवला. अक्षरं यायची, पण नंतर. माँटेसरींच्या पद्धतीत अक्षर आधी बोटांना कळतं. खरखरीत कागदाच्या अक्षरावरून मूल बोट फिरवतं, तोंडाने त्याचा आवाज काढतं, डोळ्याने त्याचा आकार पाहतं. हात, तोंड आणि डोळा एकत्र आले की अक्षर मनात बसतं. वहीची पानं भरून घेण्याची तिथे गरज पडत नाही.

शिक्षक मित्रांनो, आपण वर्गात किती वेळा याच्या उलट करतो? मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी पहिलीच्या मुलांकडून पाटीवर ‘अ’ पन्नास वेळा काढून घेतला आहे. अक्षर सुधारलं नाहीच, मुलं शाळा चुकवायला शिकली.

नूतन बालशिक्षण संघ आणि दादरचं शिशुविहार

गिजुभाई आणि ताराबाई यांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. आईवडील आणि शिक्षक यांच्यापर्यंत बालशिक्षणाचा विचार पोचावा म्हणून ‘शिक्षण पत्रिका’ हे मासिक गुजरातीत निघू लागलं आणि १९३३ पासून ताराबाईंनी ते मराठीत चालवलं. म्हणजे बघा, मुलांची शाळा चालवणं पुरेसं नाही, पालकांशी बोललं पाहिजे, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. मुलांचा हट्ट, शिस्त, भीती, खेळ अशा रोजच्या गोष्टींवर त्या साध्या भाषेत लिहीत राहिल्या.

पुढे त्या मुंबईला परतल्या. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झालं. बालशिक्षिका तयार करण्यासाठी अध्यापन मंदिरही चालू झालं. मराठी घरांतल्या अनेक मुलींनी तिथे बालशिक्षणाचे धडे घेतले. १९३९ साली गिजुभाई वारले आणि संघाच्या कामाचा भार मुख्यतः ताराबाईंवर आला.

इथपर्यंतचं काम मोठं होतंच. पण ते मुख्यतः शहरातल्या, शिकलेल्या घरांतल्या मुलांसाठी होतं. माँटेसरीची साधनं महाग. गुळगुळीत लाकडाचे ठोकळे, घंटा, चौकटी, हे सगळं खेड्यातल्या शाळेला कुठून परवडणार? ज्या देशात बहुतेक मुलं खेड्यात राहतात, तिथे बालशिक्षण शहरातच अडकून पडलं तर त्याचा उपयोग काय? हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. गांधीजींच्या नई तालीमच्या विचाराने त्याला अधिक धार आली.

बोर्डी : मुलं आलीच नाहीत

१९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी ताराबाई डहाणू तालुक्यातल्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात गेल्या आणि त्यांनी ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केलं. त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताई मूळच्या मोरगावच्या, जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न आणि थोड्याच दिवसांत वैधव्य. तरी त्या जिद्दीने शिकल्या, शिक्षिका झाल्या. एका ग्रामसेविका शिबिरात ताराबाईंशी गाठ पडली आणि शहरातली नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या. पुढची सत्तेचाळीस वर्षं, म्हणजे १९९२ मध्ये जाईपर्यंत, त्यांनी हेच काम केलं. ताराबाईंचं चरित्र अनुताईंशिवाय पुरं होत नाही.

१९४५ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी डहाणू-तलासरी भागात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. ज्या माणसांना स्वतःच्या श्रमाचा मोबदला मागायलाही लढावं लागत होतं, त्यांच्या मुलांना शाळा म्हणजे काय वाटत असेल?

बोर्डीला बालवाडी सुरू झाली, पण वाड्या-पाड्यांवरची, दलित वस्तीतली मुलं काही आपणहून आली नाहीत. कुणाला अंगभर कपडा नाही, कुणाच्या डोक्यात उवा, कुणी बाई दिसली की पळून जायचं. शिक्षिका घरोघर जाऊ लागल्या. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हाच पहिला पाठ झाला. शिक्षिकेने हे काम करायचं का, असं कुणाला वाटेल. पण ज्या हातांनी मायेने डोकं विंचरलं त्या हातांवर मूल विश्वास ठेवतं, आणि विश्वास बसल्याशिवाय मूल तोंड उघडत नाही. तोंड उघडलं नाही तर भाषा कुठून येणार आणि वाचन तरी कुठून येणार?

तरीही मुलं टिकेनात. तेव्हा ताराबाईंनी प्रश्नच उलटा केला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनेच मुलाच्या दारात जायचं. वस्तीतलं एखादं अंगण झाडायचं, सारवायचं, तिथेच गाणी, गोष्टी, खेळ घ्यायचे. या कल्पनेला नाव पडलं अंगणवाडी. आया कामं करता करता बघायच्या, आज्या उंबऱ्यावर बसून ऐकायच्या. मूल काय शिकतं ते घराला दिसायला लागलं.

आज देशभर गावोगाव अंगणवाडी आहे. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. ताराबाई मात्र ते पाहायला नव्हत्या. दोनच वर्षं आधी, ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या होत्या.

कोसबाडची टेकडी

१९५७ साली हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या मधोमध गेलं. ताराबाई तेव्हा ६५ वर्षांच्या होत्या. ज्या वयात माणसं निवृत्तीनंतरची घरं बांधतात, त्या वयात त्या वारली मुलांसाठी नवं केंद्र उभारत होत्या.

इथे आणखी दोन अडचणी दिसल्या. शहापूर-मुरबाडच्या शिक्षकांना त्या लगेच ओळखू येतील. पहिली अशी की, मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं. यावर उत्तर होतं विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. बहिणीने धाकट्याला पाळण्यात ठेवायचं आणि पलीकडच्या वर्गात शिकायचं. धाकटं मूलही शाळेच्या वातावरणातच वाढायचं. दुसरी अडचण म्हणजे मुलं गुरं राखायला जायची. मग कुरणशाळा निघाली. जिथे गुरं चरतात, तिथेच शिक्षकाने जायचं आणि झाडाखाली शाळा भरवायची.

साधनंही बदलली. महागड्या ठोकळ्यांच्या जागी बिया, शिंपले, पानं, फुलं, काड्या, माती, बांबू आले. पान मोठं की लहान, बी गोल की चपटी, शिंपला गुळगुळीत की खरखरीत, हे ओळखता ओळखता मुलाचे डोळे आणि बोटं तयार होतात. आपल्या लेखी ते खेळणं असतं. पण ज्या मुलाला सागाचं पान आणि पळसाचं पान यातला फरक नजरेत भरतो, त्यालाच पुढे ‘घ’ आणि ‘ध’ यातला फरक कळतो.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिलं. अनुताईंना पुढे पद्मश्री मिळाली. त्यांच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात हे सगळे दिवस आले आहेत. शिक्षकांनी ते जरूर वाचावं.

मग घरी वाचन घ्यायचं म्हणजे काय?

आता पुन्हा आपल्या दोन आयांकडे येऊ. ताराबाईंच्या कामातून मला जे कळलं ते असं की, वाचनाची सुरुवात अक्षरापासून होत नाही. ती बोलण्यापासून, ऐकण्यापासून आणि बघण्यापासून होते. आणि या तिन्ही गोष्टी शिकवायला आई-बाप शिकलेले असावे लागत नाहीत. खाली जे देते आहे ते मी आमच्या वर्गातल्या पालकांना आता सांगते. यातल्या गोष्टी ताराबाईंच्या विचारातून सुचलेल्या, पण उदाहरणं आपल्याकडची आहेत.

१. मुलाशी बोला. चुलीपाशी, शेतात, पाण्याला जाताना. हे कर, ते करू नको एवढंच नाही, तर आज काय पाहिलंस, ढग कुठून आले, कोंबडी कुठे लपली असं. ज्या मुलाजवळ शब्द भरपूर असतात त्याला छापलेला शब्द लवकर ओळखता येतो, कारण तो शब्द त्याच्या तोंडात आधीच असतो.

२. घरची बोली सोडायला लावू नका. हे शिक्षकांसाठीही आहे बरं का. मूल बापूस म्हणालं की आपण लगेच वडील म्हण असं दुरुस्त करतो. मूल गप्प होतं. ठाकर, कातकरी, कोळी, वारली, आगरी, कुणबी, प्रत्येक घराची आपली बोली आहे. आधी मुलाचा शब्द ऐकावा, तो फळ्यावर लिहावा, मग त्याच्या शेजारी पुस्तकातला शब्द लिहावा. मुलाला एका अर्थाचे दोन शब्द मिळाले, नुकसान काहीच नाही.

३. गोष्ट आणि गाणं. आजीला गोष्टी येतात, तिला लिहिता येत नसेल तरी चालेल. गोष्ट अर्ध्यावर थांबवून पुढे काय झालं असेल ते मुलाला विचारा. हेच तर वाचन समजणं आहे. तीच गोष्ट दहा वेळा मागितली तर दहा वेळा सांगा.

४. कानाचं वाचन. शब्दावर टाळ्या वाजवा. भा-क-री, तीन टाळ्या. पा-णी, दोन टाळ्या. मग विचारा, ‘पा’ ने सुरू होणारं घरात आणखी काय आहे? पाटा, पातेलं, पाट. शेवट सारखा असलेले शब्द शोधा. तवा, रवा, हवा, थवा. आपल्या मराठीत जसं बोलतो तसंच बरंचसं लिहितो. त्यामुळे शब्द कानाने फोडता आला की पुढे डोळ्याने वाचणं सोपं जातं. या खेळाला ना पुस्तक लागतं ना दिवा.

५. डोळ्याचं वाचन. चिखलातला ठसा कुत्र्याचा की बकरीचा? आभाळ बघून पाऊस येईल का? लग्नघरात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात काय काय दिसतं? हे झाड, हा घोडा, ही नाचणारी माणसं. चित्र बघून त्याचा अर्थ सांगणं ही वाचनाचीच पायरी आहे.

६. हाताची तयारी. रांगोळी, राख, ओली माती, चिंचोके. आधी रेघ, गोल, अर्धगोल. मग अक्षर. मातीत बोटाने काढलेलं अक्षर चुकलं तर हाताने पुसता येतं, लाल पेनाची फुली बसत नाही. म्हणून मूल घाबरत नाही.

७. अक्षरं कामाच्या शब्दांतून. मुलाचं स्वतःचं नाव हा त्याच्यासाठी जगातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द. तिथून सुरुवात करा. मग मिठाची पुडी, दुकानाची पाटी, एसटीची पाटी. शहापूर, मुरबाड, किन्हवली, टोकावडे, सरळगाव. मूल आधी पाटी चित्रासारखी ओळखतं, हळूहळू त्यातलं ‘र’ ओळखतं, मग तेच ‘र’ दुसऱ्या पाटीवर शोधतं. आता पहिलीच्या वर्गातही अ आ इ ई क्रमाने सगळी मुळाक्षरं पाठ करून न घेता अक्षरगट घेतात. म, ग, र ही तीन अक्षरं आली की मगर आणि गर हे शब्द वाचता येतात. तीन अक्षरांत शब्द वाचता आला की मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

८. पुस्तक घरी जाऊ द्या. शिक्षकांनो, शाळेच्या कपाटातली चित्रांची पुस्तकं फाटतील म्हणून कुलपात ठेवू नका. कुलपात राहिलेलं पुस्तक वाळवी वाचते. वाचता न येणाऱ्या आईनेही मुलाला मांडीवर घेऊन चित्रं बघावी आणि मुलालाच सांगायला लावावं. मोठ्या ताई-दादाने धाकट्याला वाचून दाखवावं.

आणि शहरातल्या त्या दुसऱ्या आईला सांगायचं ते एवढंच की, साडेतीन वर्षांच्या मुलाची वही काही महिने बाजूला ठेवा. रोज एक गोष्ट वाचून दाखवा, त्याच्या हाताला कणीक द्या, माती द्या. रडवून शिकवलेलं अक्षर लक्षात राहतंही, पण त्याच्याबरोबर रडणंही लक्षात राहतं. मग मोठेपणी मूल पुस्तकापासून लांब पळतं आणि आपण मोबाईलला दोष देतो.

निपुण भारत अभियानात तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाने समजून वाचावं असं ध्येय ठेवलं आहे. ध्येय चांगलंच आहे. पण केवळ शाळेच्या तासांत ते पुरं होणार नाही, त्यासाठी घर सोबत घ्यावं लागेल. आणि घर सोबत घ्यायचं तर आधी घराचा कमीपणा काढून टाकावा लागेल. पालक अडाणी आहेत म्हणून मूल मागे पडतं, असं आपण स्टाफरूममध्ये सहज बोलून जातो. ताराबाई पाड्यावर गेल्या त्या घरांना नावं ठेवायला नाही, त्यांच्या अंगणात बसायला गेल्या.

पुढे काय झालं

वीटभट्टीवर जाणाऱ्या त्या आईला मी नंतर पुन्हा भेटले, निघायच्या आदल्या दिवशी. मुलीचं तीन अक्षरी नाव एका जाड पुठ्ठ्यावर मोठं लिहून दिलं. टाळ्यांचा खेळ करून दाखवला. भट्टीवर मातीला तोटा नाही, मातीची वळी करून अक्षर बनवा म्हटलं. रोज रात्री भाकरी करताना पोरीशी बोला म्हटलं. बाई हसली. एवढंच का, असा तिचा चेहरा होता.

पावसाच्या तोंडावर ती कुटुंबं परत आली. पुठ्ठा कधीच भिजून गेला होता. मुलीने काडी घेतली आणि शाळेच्या अंगणात स्वतःचं नाव काढलं. दोन अक्षरं बरोबर होती, एक उलटं होतं. वर्गातल्या बाकीच्या मुलांपेक्षा ती अजूनही मागेच होती आणि तिला छोटे शब्द वाचायला गणपती उजाडले. जादू झाली असं मी म्हणणार नाही. पण आधीच्या वर्षी अशी मुलं परत यायची तेव्हा पाटी पूर्ण कोरी असायची आणि ती माझ्या नजरेला नजर देत नसत. ही मुलगी मात्र त्या उलट्या अक्षरावर बोट ठेवून माझ्याकडे बघत होती, बरोबर आहे का म्हणून.

शेजारी तिची आई उभी होती. आपल्या लेकीचं नाव कोणतं ते आता तिलाही ओळखता येत होतं.

ताराबाईंची जयंती १९ एप्रिलला आणि पुण्यतिथी ३१ ऑगस्टला असते. शाळेत फोटोला हार घालाच. पण त्या दिवशी एक तास काढून पाड्यावरच्या एखाद्या अंगणात जाऊन बसा. एक गोष्ट सांगा, एक गोष्ट ऐका. आणि पालकहो, तुम्ही शाळेत येऊन बाहेर व्हरांड्यात उभे राहता, तसं वाचनाच्या बाबतीत बाहेर उभे राहू नका. मुलाची पहिली शाळा तुमच्याच घरात आहे.